शब्दचर्चा: समाधान, निष्ठा आणि ‘शिफारस’

गुहागरहून प्रश्न: होमस्टेच्या अभिप्रायाचा फॉर्म मराठीत करायचा आहे. नमुन्यात सीसॅट (कस्टमर सॅटिस्फॅक्शन स्कोअर), एनपीएस (नेट प्रमोटर स्कोअर) आणि सीईएस (कस्टमर एफर्ट स्कोअर) असे तीन प्रकार दिसतात. तिन्हींना ‘समाधान सर्वेक्षण’ म्हटलं तर चालेल? आणि ‘रेकमेंड’ला शिफारसच ना?

मालवणहून: नको, घोटाळा होईल. समाधान झाल्या गोष्टीचं असतं: खोली, जेवण, स्कूबाची बोट. ते सीसॅटने मोजा. १ ते ५ गुण मागायचे आणि ४ किंवा ५ देणारे शेकडा किती ते काढायचं. सीईएस त्रास मोजतं: बुकिंगला किती फोन करावे लागले, गूगल मॅपवर घर सापडलं का. एनपीएस पुढचं विचारतं: ओळखीच्यांना आमचं नाव सुचवाल का? फ्रेड रायकहेल्ड यांनी २००३ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त मांडलेली ही पद्धत. ० ते १० पैकी ९-१० देणारे वाखाणणारे, ७-८ वाले तटस्थ, ६ आणि त्याखालचे नाराज. वाखाणणाऱ्यांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा करा. तटस्थ वजाबाकीत येत नाहीत, पण टक्के काढताना एकूण संख्येत धरायचे. ते गाळले की आकडा उगाच ताणला जातो.

‘शिफारस’ला आपल्याकडे वशिल्याचा वास आहे. सरळ लिहा: ‘ओळखीचं कुणी गुहागरला येणार असेल, तर आमच्याकडे उतरायला सांगाल, याची शक्यता किती?’ ० म्हणजे मुळीच नाही, १० म्हणजे नक्की, हे दोन्ही टोकांना छापा. नुसते आकडे दिले की लोक परीक्षेचे मार्क देतात. ७ म्हणजे चांगलेच मार्क असं समजून खूश पाहुणाही तटस्थांत जाऊन बसतो.

गुहागरहून: समजा ४० उत्तरं आली. २२ वाखाणणारे, १० तटस्थ, ८ नाराज. म्हणजे ५५ वजा २०, अधिक ३५. बरोबर?

मालवणहून: गणित बरोबर, पण त्यावर फार विसंबू नका. एक वाखाणणारा नाराज झाला की ३५ चे ३० होतात. ४० उत्तरांवर काढलेला आकडा दोन्ही बाजूंना साधारण २५ ने इकडेतिकडे असू शकतो. ‘मेपेक्षा डिसेंबरात ६ ने घसरलो’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. इतक्या थोड्या उत्तरांत ‘हा आकडा का दिलात?’ या मोकळ्या प्रश्नाखाली लोक जे लिहितात, तेच जास्त कामाचं.

देवगडहून: आंब्याच्या पेटीवाल्यांसाठी एक भर. पेटी पोचली त्या दिवशी मेसेज धाडून ‘समाधानी आहात का?’ विचारलं, तर उत्तर कुरिअरबद्दल येतं. फळ तयार व्हायला अजून काही दिवस असतात, आणि साका (हापूसच्या गरातला पांढरट, खराब भाग) तर कापल्यावरच दिसतो. पोचण्याबद्दल त्याच दिवशी विचारा, फळाबद्दल आठ-दहा दिवसांनी. ‘आंबा आणि पॅकिंग कसं वाटलं?’ असा जोडप्रश्न टाळा. ३ गुण नेमके कशाला मिळाले ते कळत नाही.

‘लॉयल्टी’साठी ‘निष्ठा’ मात्र फॉर्मवर छापू नका. ती देवावर, पक्षावर ठेवतात. ‘कायमचं गिऱ्हाईक’ पुरे. ते कोण, हे वहीत बघा: गेल्या मोसमातल्या किती नंबरांवरून यंदा पुन्हा ऑर्डर आली? ‘पुन्हा घ्याल का?’ला लोक भिडेखातर हो म्हणतात. उलट गावात एकच गॅस एजन्सी असेल, तर वैतागलेलं गिऱ्हाईकही दर खेपेला तिथेच येतं.

रत्नागिरीहून: होमस्टेतही पुन्हा येण्यावरून खुशी कळत नाही. खूश पाहुणा पुढच्या वर्षी दिवेआगरला जातो, कारण त्याला नवा किनारा बघायचा असतो. पण तोच चुलतभावाला तुमच्याकडे पाठवतो. म्हणून तुमच्या धंद्यात ‘पुन्हा याल का?’पेक्षा ‘सांगाल का?’ हा प्रश्न बरा.

मालवणहून: ‘बरा’वरून आठवलं. पर्यायांत ‘बरं’ आणि ‘ठीक’ छापू नका. मालवणीत ‘जेवाण बरा होता’ ही दाद आहे, पुण्याच्या पाहुण्याला ‘बरं’ म्हणजे जेमतेम. खूप वाईट, वाईट, मध्यम, चांगलं, खूप चांगलं, एवढं पुरे. आणि ‘मध्यम’ गाळू नका, नाहीतर संकोची माणूस सरसकट ‘चांगलं’वर टिचकी मारतो.