'ओपन ॲक्सेस जर्नल'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: विद्यापीठाचं माहितीपत्रक मराठीत करतेय. मी 'मोफत नियतकालिक' लिहिलं होतं, सरांनी ते खोडून 'मुक्त प्रवेश नियतकालिक' केलं. मला तर त्यात ॲडमिशनच दिसते!

ग्रंथपाल: अहो, खरंच अर्ज मागायला येतील लोक. पण 'मोफत'ही अपुरं पडतं. 'ओपन ॲक्सेस' म्हणजे काय हे सांगणाऱ्या २००२च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात वाचण्याबरोबरच शोधनिबंध डाउनलोड करणं, प्रती काढणं, वाटणं, संगणकाकडून तपासून घेणं, सगळ्यालाच मुभा आहे. लेखकाचा हक्क एवढाच, की मजकुराची मोडतोड होऊ नये आणि श्रेय मिळावं. 'मोफत' म्हटलं की नुसती किंमत कळते, ही मुभा कळत नाही.

अनुवादक: इंग्रजीतही हा घोळ होताच, म्हणून 'ग्रॅटिस' आणि 'लिब्रे' असे दोन शब्द वापरात आले. आपल्याकडे 'विनामूल्य' आणि 'मुक्त' तयारच आहेत. कोविडकाळात अनेक प्रकाशकांनी त्या विषयावरचे निबंध वाचायला खुले केले, ते विनामूल्य. क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था लेखकांसाठी तयार परवाने देते, तिच्या 'श्रेय द्या' परवान्याखाली आलेला निबंध मुक्त. त्याचं मराठी भाषांतर करून छापायला कुणाला विचारावं लागत नाही, मूळ लेखकाचं नाव, परवाना आणि हे भाषांतर आहे एवढं नमूद केलं की झालं.

भौतिकशास्त्रवाला: आणि विनामूल्य कुणाला? 'नेचर' या विज्ञान नियतकालिकानं २०२१मध्ये मुक्त निबंधासाठी ९,५०० युरो आकार ठेवला. वाचकाला फुकट, लेखकाच्या खिशाला चाट! आमच्याकडे 'आर्काइव्ह' (arXiv) या ऑनलाइन साठ्यात १९९१पासून लेखक स्वतःच निबंध टाकतात, तिथे लेखक-वाचक कुणालाच पैसे पडत नाहीत. त्याला 'ग्रीन' म्हणतात, पण कृपा करून 'हरित' करू नका, लोकांना झाडं लावायचा उपक्रम वाटेल.

इतिहासवाली: ९,५०० युरो? आमच्या विषयात अख्ख्या प्रकल्पाला एवढं अनुदान मिळालं तर पेढे वाटू. ओपन ॲक्सेसवरच्याच २००३च्या बर्लिन जाहीरनाम्याच्या शीर्षकात विज्ञानाच्या जोडीला मानव्यविद्या आहेत खऱ्या, पण लेखकानं पैसे भरायची पद्धत आम्हाला झेपणारी नाही. मानव्यविद्यांची मुक्त नियतकालिकं काढणाऱ्या 'ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज'चा खर्च ग्रंथालयं मिळून उचलतात, ते जमण्यासारखं आहे.

प्रश्नकर्ती: मग आपलं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'? तेही यातच धरायचं का?

ग्रंथपाल: छे! ती नावाप्रमाणे वर्गणीच. केंद्रानं तीन वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर केले, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना मिळतात. सोय उत्तमच आहे. पण तालुक्याला स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला त्यातून काही मिळत नाही.

प्रश्नकर्ती: 'मुक्त उपलब्ध नियतकालिक' लिहू?

अनुवादक: चालेल. फक्त खाली परवान्याचं नाव घाला. पुष्कळ पत्रकांत नेमकं तेच नसतं.