काळ्या टी-शर्टवरची पांढरी शाई तडकते, कारण ती कच्ची राहते

स्क्रीन प्रिंटिंगने काळ्या सुती टी-शर्टवर छापलेली पांढरी प्लास्टिसॉल (उष्णतेने पक्की होणारी प्लास्टिकयुक्त शाई) दोन धुण्यांतच तडकते, तर शाई बदलावी का, असा प्रश्न आहे. शाई बदलू नका, आधी ती पुरती शिजतेय, म्हणजे उष्णतेने पक्की होतेय का ते बघा. प्लास्टिसॉल हवेवर वाळत नाही. थर वरपासून तळापर्यंत साधारण १६० अंश सेल्सिअसला पोचला तरच पक्का होतो. पांढऱ्याचा थर जाड, त्यामुळे वरून हाताला कोरडी लागते आणि कापडालगत कच्चीच राहते. छपाई गार झाल्यावर कापड दोन्ही हातांनी ताणा. भेगा पडून आतले काळे धागे दिसले, तर शाई कच्ची आहे. हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) उष्णता एकसारखी बसत नाही, त्या वाटेला जाऊच नका.

स्क्रीनची, म्हणजे जिच्यातून शाई कापडावर उतरते त्या चौकटीची, जाळी इंचाला ११० धाग्यांची घ्या, स्क्रीन कापडापासून २-३ मिलिमीटर वर ठेवा. शाईचा पहिला हात (थर) मारून शाई बोटाला लागणार नाही इतपतच तापवा, मग दुसरा हात मारा. पहिलाच पूर्ण शिजवलात तर दुसरा त्याला धरत नाही, पापुद्र्यासारखा सुटतो.

कापडात पॉलिस्टर असेल तर मात्र त्यासाठीची, कमी तापमानाला शिजणारी पांढरी शाई लागते. नाहीतर कापडाचा रंग उष्णतेने शाईत उतरतो आणि लाल कापडावरची पांढरी अक्षरं हळूहळू गुलाबी होतात.