जावजी दादाजी आणि राणोजी आरूही
मराठी छपाईची गोष्ट निघाली की गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर (दगडावरून होणारी छपाई) काढलेल्या मराठी पंचांगाची चर्चा होते, याचा फार आनंद वाटतो. तिथेच जावजी दादाजींचंही नाव यायला हवं. शिक्षण बेताचं, पोरवयातच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात नोकरी. पुढे १८६४त मुंबईत स्वतःचा टाइपांचा (छपाईच्या धातूच्या खिळ्यांचा) कारखाना आणि १८६९त निर्णयसागर छापखाना!

पण तिथल्या सुबक देवनागरी टाइपांचे पंच, म्हणजे खिळ्यांचे साचे ज्यांवरून बनतात ते पोलादी ठसे, कोरले राणोजी रावजी आरूंनी. काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि ती सगळी जोडाक्षरं, प्रत्येक खिळ्यासाठी पोलादावर उलटं अक्षर हातानं कोरायचं! माझ्या मते निर्णयसागरच्या कीर्तीत त्यांचा वाटा मालकाइतकाच मोठा आहे. जुन्या ग्रंथालयात निर्णयसागरच्या ‘काव्यमाला’ या ग्रंथमालेतलं एखादं संस्कृत पुस्तक मिळालं तर अवश्य उघडून बघा.