ग्रेट शुगर लोफ: हा ज्वालामुखी नाही?

प्रश्न: काल आयर्लंडमधल्या विकलो परगण्यात किलमॅकानोग गावाजवळून गेलो आणि हा डोंगर पाहून गाडी थांबवलीच. इतका सुरेख शंकू! विझलेला ज्वालामुखी असणार, असं मी मुलीला सांगूनही टाकलं. बरोबर सांगितलं ना? आणि असं गोड नाव कसं पडलं?

उत्तर: मुलीला पुन्हा सांगावं लागेल! तो ज्वालामुखी कधीच नव्हता. उंची फक्त ५०१ मीटर, पण दगड क्वार्ट्झाइट, म्हणजे वाळूपासून बनलेला फार कठीण खडक. कॅम्ब्रियन काळात, म्हणजे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास, समुद्रतळावर साचलेली वाळू पुढे दाबाखाली कणखर झाली. भोवतीचा मऊ खडक झिजून गेला, हा टिकला. पश्चिमेकडचे विकलोचे मोठे डोंगर मात्र ग्रॅनाइटचे, वयाने बरेच लहान. वर चढाल तेव्हा शेवटच्या टप्प्यातले सुटे, धारदार दगड हातात घेऊन बघा. ग्रॅनाइटसारखे गोलसर झिजत नाहीत ते.

दुसरं उत्तर: नावाचं सांगते. पूर्वी साखर शंकूच्या आकाराच्या घट्ट ढेपेत विकली जायची, तिला इंग्रजीत शुगर लोफ म्हणत. पण मला आयरिश नावच जास्त जवळचं वाटतं: ओ कुअलान. त्यात कुअला या जुन्या प्रदेशाची आठवण जपलेली आहे. साखर खूप नंतरची.

प्रश्नकर्ता: मुलीला आत्ताच सांगितलं. रविवारी वर जाऊन दगड बघायचाय म्हणते.