प्रश्न शिस्तीचा नाही, पंचांगाचा आहे

'गणपतीत एमआयडीसी ओस पडते, कोकणात शिस्तच नाही,' असं कोकणातल्या कारखान्यांबद्दल कुणीतरी लिहिलंय. अहो, चतुर्थी ते गौरी-विसर्जन घरचा कर्ता माणूस हलणारच नाही. मग माल आधी रवाना करून वार्षिक शटडाऊन त्याच आठवड्यात लावावं, इतकं सोपं आहे. शिमगा खरा अवघड. पालखी दारात यायचा दिवस गावागणिक, वाडीगणिक वेगळा. सरसकट सुट्टीचा उपयोग नाही. माघातच गाववार यादी करावी. आणि लक्षात घ्या, शिफ्टमधला हेल्पर गावात मानकरी असू शकतो. त्याची रजा नाकारली तर सगळी वाडी दुखावते.

दुसरा घोळ 'हो साहेब'चा. डच समाजमानसशास्त्रज्ञ हॉफस्टेड यांच्या सत्ता-अंतराच्या निर्देशांकात (वरिष्ठ-कनिष्ठांमधली दरी लोक किती मान्य करतात, त्याचं माप; आकडा जास्त तर दरी जास्त मान्य) भारत ७७, नेदरलँड्स ३८. परदेशी साहेब 'समजलं?' विचारतो, उत्तर येतं 'हो'. त्याचा अर्थ 'ऐकलं' एवढाच. त्यापेक्षा 'आधी कुठला व्हॉल्व्ह बंद करणार?' असं विचारा, आणि तेही सर्वांत ज्युनिअरला आधी. सुपरवायझर एकदा बोलला की बाकीचे माना डोलावतात. चूक दाखवायची तर चहाच्या टपरीवर, चारचौघांत नको.