ऑर्डिनन्स म्हणजे वटहुकूम का? आणि 'बाळगणे' म्हणजे नक्की काय?

पाटीपेन्सिल:
मंडळी, मदत हवी आहे. मी शिकागोला लागून असलेल्या ओक पार्कमध्ये राहते आणि मंडळाच्या दिवाळी अंकासाठी २०१० च्या मॅकडोनाल्ड विरुद्ध शिकागो या अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालावर लिहितेय, आमचं हे गावही त्यात प्रतिवादी होतं म्हणून जास्तच जीव गुंतलाय. शिकागोनं १९८२ मध्ये ऑर्डिनन्स करून हँडगनची नवी नोंदणीच थांबवली आणि नोंदणीशिवाय शस्त्र ठेवणं गुन्हा, म्हणजे बंदी हा शब्द न वापरता बंदीच झाली. शब्दकोशात ऑर्डिनन्सला वटहुकूम दिलंय, मी तेच लिहिलं आणि बाबांना फोनवर वाचून दाखवलं तर ते म्हणाले अगं वटहुकूम अठ्ठावीस वर्षं कसा टिकेल? आता काय लिहू?

घासलेट:
बाबांचं शंभर टक्के बरोबर. वटहुकूम किंवा अध्यादेश म्हणजे सभागृह भरलेलं नसताना राष्ट्रपतींनी नाहीतर राज्यपालांनी काढलेला तात्पुरता कायदा, अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत मंजूर झाला नाही तर संपला. अमेरिकेतलं ऑर्डिनन्स याच्या अगदी उलट, ते निवडून आलेल्या नगरसेवकांनी सभेत मतदान करून केलेलं असतं आणि रद्द होईपर्यंत चालतं. इंग्रजी शब्द एक पण वस्तू दोन, आणि आपल्याकडचे अनुवाद इथेच फसतात. नगरपालिकेच्या नियमांना आपल्याकडे 'उपविधी' म्हणतात खरं, पण तो शब्द ऑफिसच्या फायलीबाहेर कोण वापरतं? मी सरळ 'शिकागो पालिकेचा कायदा' लिहीन.

रानवाट:
घासलेटशी सहमत, 'ठराव' पण नको, ठराव मोडला म्हणून कोणी तुरुंगात जात नाही.

ताई, हँडगनला तुम्ही काय लिहिलंय? कारण आपल्या बातम्यांत सरसकट 'बंदूकबंदी' छापतात आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळीच शस्त्रं बंद होती. मराठीत बंदूक म्हटलं की खांद्याला लावायची लांब नळीची डोळ्यासमोर येते, ती शिकागोत नोंदणी करून ठेवता येत होती. ज्यांच्या नावानं हा खटला आहे त्या ओटिस मॅकडोनाल्ड यांच्याकडे शॉटगन (लांब नळीच्या बंदुका) होत्याच की, निकालाच्या वेळी ते सत्तरीच्या पुढचे, घरात चोऱ्या झालेल्या, आणि त्यांचं म्हणणं एवढंच की रात्री उशाशी ठेवायला मला पिस्तूल हवं. 'बंदूकबंदी' लिहिलंत तर त्या माणसाची तक्रारच कळत नाही. 'पिस्तूल-रिव्हॉल्वरवर बंदी' लिहा, लांब होतं पण खरं आहे.

पाटीपेन्सिल:
अगदी हेच चुकलं होतं माझं, बदलते लगेच. लेखाचा मसुदाही इथे जोडलाय. आता मुख्य अडचण. शस्त्रांचा हक्क देणाऱ्या अमेरिकेच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत 'कीप' (ठेवणे) आणि 'बेअर' (सोबत नेणे) अशी दोन क्रियापदं आहेत, मी 'शस्त्र बाळगण्याचा हक्क' असं एकच लिहिलंय. चालेल?

नदीकाठ:
माझ्या मते नाही चालणार, कारण पुढची सगळी भांडणं त्या दोन क्रियापदांमधल्या फटीतच आहेत. २००८ चा हेलरचा निकाल, वॉशिंग्टन डीसीच्या १९७६ च्या कायद्याविरुद्धचा, तो घरात ठेवण्याबद्दल. मॅकडोनाल्डही तेच. घराबाहेर सोबत घेऊन हिंडण्याचा प्रश्न आला २०२२ च्या ब्रूएन निकालात, तिथे न्यूयॉर्कचा १९११ पासूनचा परवान्याचा कायदा होता, खास कारण दाखवल्याशिवाय परवाना नाही असा, आणि ६ विरुद्ध ३ मतांनी ती अट गेली. 'बाळगणे' मध्ये हे दोन्ही एकत्र होतात. पोलिसांच्या बातमीत 'विनापरवाना पिस्तूल बाळगल्याप्रकरणी अटक' वाचलं की कमरेला खोचलेलं डोळ्यासमोर येतं, पण कपाटात सापडलं तरी बातमी तीच. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातसुद्धा ताब्यात असणं आणि सोबत नेणं वेगळं मांडलंय. म्हणून 'शस्त्र ठेवण्याचा आणि सोबत बाळगण्याचा हक्क'.

रानवाट:
'बाळगणे' हा शब्द मला फार आवडतो, भीती बाळगतो, आकस बाळगतो, जिद्द बाळगतो, आणि मनात बाळगलेलं बाहेरून दिसत नाही. त्यामुळे इंग्रजीत ज्याला कन्सील्ड कॅरी, म्हणजे शस्त्र लपवून सोबत नेणं म्हणतात त्याच्या हा शब्द जवळ जातो असं वाटतं. याउलट आमच्याकडे दसऱ्याला पणजोबांची तलवार पाटावर मांडून पूजा होते, तिला कोणी बाळगलेली म्हणत नाही, ती 'घरात ठेवलेली' असते.

घासलेट:
तलवारीचं उदाहरण पटलं. आणखी एक, शीर्षकात तुम्ही 'केंद्रीय आव्हान' लिहिलंय ते काढा. त्यातून दिल्लीनं मुंबई पालिकेला कोर्टात खेचावं तसं वाटतं, पण शिकागोला कोर्टात नेलं तिथल्याच रहिवाशांनी आणि त्यांच्या बाजूच्या संघटनांनी, फेडरल होतं ते कोर्ट. म्हणून 'फेडरल कोर्टात आव्हान'. खरोखर सरकारनंच केस करण्याचा प्रकारही आता झालाय, २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या न्याय खात्यानं लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्यावर, म्हणजे तिथल्या पोलिसांवर, शस्त्र सोबत नेण्याच्या परवान्यांना फार उशीर लावता म्हणून दावा केला, तिथे 'केंद्र सरकारचा दावा' म्हटलं तर शोभेल. दोन्हीला एकच शब्द नको. (आणि 'आवाहन' नाही हं, 'आव्हान', पहिल्या परिच्छेदात एकदा चुकलंय.)

नदीकाठ:
'कोर्टानं कायदा रद्द केला' हेही जरा तपासा. सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी एवढंच ठरवलं की दुसरी दुरुस्ती, राज्यांवर बंधनं घालणाऱ्या चौदाव्या दुरुस्तीमुळे, राज्यांना आणि शहरांनाही लागू होते, आणि प्रकरण खालच्या कोर्टात परत पाठवलं. हेलरचा निकाल आधीच असूनही शिकागोला लगेच लागू झाला नव्हता तो याचमुळे, डीसी फेडरल सरकारच्या हाताखाली, शिकागो नाही. अशा लागू होण्याला इंग्रजीत इन्कॉर्पोरेशन म्हणतात, त्याला 'समावेशन' वगैरे घडवत बसू नका, 'लागू होणे' पुरेसं आहे.

पाटीपेन्सिल:
सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य आता असं केलंय: "पिस्तूल-रिव्हॉल्वरवर बंदी घालणाऱ्या शिकागो पालिकेच्या कायद्याला रहिवाशांनी फेडरल कोर्टात आव्हान दिलं, आणि शस्त्र ठेवण्याचा व सोबत बाळगण्याचा हक्क शहरांनाही लागू होतो असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये ठरवलं."

नदीकाठ:
हक्क शहरांना नाही, माणसांना असतो. "शहरांनाही पाळावा लागतो" करा.

पाटीपेन्सिल:
हो! केलं. बाबांना आज रात्री परत वाचून दाखवते.