पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियन, ऑलिम्पिक गोल्ड शून्य, तरी कोल्बेचं एवढं नाव का?

शनिवारपेठी
भाचा संगमाजवळच्या बोट क्लबवर रोइंग करतो. घरी आला की पीटर-मिशाएल कोल्बे नावाच्या जर्मन रोअरचं पुराण सुरू. मी जरा शोधलं तर सिंगल स्कल्समध्ये (एकट्याने दोन वल्ह्यांनी बोट मारायची रेस) वर्ल्ड चॅम्पियन ५ वेळा (१९७५, ७८, ८१, ८३, ८६), पण ऑलिम्पिकला ७६, ८४, ८८ तिन्ही वेळा सिल्व्हरच. मग ८८ ला ह्यालाच हरवून गोल्ड घेणारा आणि ९२ ला परत घेणारा थॉमस लांगे, त्याचं नाव भाच्याच्या तोंडून एकदाही कसं नाही?

वल्हेकर_दापोडी
काका, कोल्बेची स्टोरी कार्पिनेनशिवाय कळणारच नाही. फिनलंडचा फायरमन, ७६, ८० आणि ८४ तिन्ही गोल्ड त्याची. ७६ ला माँट्रियलला कोल्बे जवळजवळ सगळी रेस पुढे होता, शेवटी हातपायच चालेनात आणि कार्पिनेन मागून येऊन निघून गेला. रेसआधी कोल्बेला एक इंजेक्शन दिलं होतं, बंदीतलं नव्हतं, पण त्यानेच घात झाला म्हणून जर्मनीत नुसता गदारोळ. ८४ ला परत तेच, लीड कोल्बेचा आणि फिनिश कार्पिनेनचा, दोन सेकंदांच्या आत खेळ खल्लास. आणि ८० ला तर पश्चिम जर्मनीचा बॉयकॉट, म्हणजे ज्या मॉस्कोत आपल्या हॉकीने गोल्ड आणलं तिथे कोल्बे गेलाच नाही. लांगे भारीच होता हो, पण त्याला असा जन्माचा वैरी कुठे मिळाला.

मेकॅनिकलवाला
खरं कारण वेगळंय. नेहमीच्या बोटीत सीट सरकते, म्हणजे ८०-९० किलोचा माणूस दर स्ट्रोकला मागेपुढे आणि त्या धक्क्याने बोटीचा स्पीड सारखा कमी-जास्त. ८१ ला कोल्बे उतरला ती बोट उलटी, सीट फिक्स आणि रिगर (वल्ही अडकवायचा बाहेरचा सांगाडा) न् पाय टेकवायची फळी सरकणारी. माणूस जागेवर, हलका भाग हलतो, बोट एकसारख्या स्पीडने पळते. म्युनिकला जिंकला आणि सगळे त्याच्या मागे, ८३ च्या फायनलला तर सहाच्या सहा जणांकडे तेच! मग रोइंगच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनने बंदी घातली, कारण काय तर खर्चिक. मला विचाराल तर रडीचा डाव.

चिडका_बिब्बा
म्हणजे मशीनच्या जिवावर चॅम्पियन. इथे उगाच देव बनवतात कोणालाही 🙄

वल्हेकर_दापोडी
@चिडका_बिब्बा ७५ आणि ७८ ला कुठलं मशीन होतं? आणि बंदीनंतर ८६ ला नॉटिंगहॅमला साध्या बोटीत जिंकला त्याचं काय? ८८ ला सोलला सिल्व्हर घेतलं तेव्हा ३५ वर्षांचा होता, लांगे २४ चा. ऑलिम्पिक मेडलवरच मोजायचं तर रिओला तेरावा आलेला आपला रोअर दत्तू भोकनळ पण कोणीच नाही म्हणायचा का?

शनिवारपेठी
मेकॅनिकलवाले, ते सरकत्या रिगरचं भाच्याला सांगितलं, तर म्हणे माहितीये मामा, वर्कशॉपमध्ये बनवायचा प्लॅन चाललाय. आता प्लीज कोणीतरी सांगा की ह्याला साधारण किती खर्च येतो, कारण पैसे माझ्याकडेच मागणार आहे तो.